बिनविस्तवाच्या वड्या

देवासच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. ओसरीवर उभं राहून त्यांनी एकच प्रश्न केला, "खिशात काडेपेटी आहे?"

होती. त्या वयात मला विडी ओढायची सवय होती आणि ती लपवायचीही. मी काडेपेटी काढून दाखवली. त्यांनी ती मेलेला उंदीर धरावा तशी चिमटीत धरली, अंगणातल्या डोणीच्या पाण्यात सोडली आणि म्हणाले, "आता खोली बघा."

खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकी उघडली की समोर देवीची टेकडी. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. अट एकच होती. या घरात विस्तव पेटायचा नाही. चूल नाही, शेगडी नाही, उदबत्ती नाही, विडी तर नाहीच. संध्याकाळी एक कंदील शेजाऱ्यांकडून पेटवून आणायचा आणि काच घट्ट बसवून अंगणातल्या खिळ्याला टांगायचा. त्याच्या उजेडात वह्या तपासता आल्या तर तपासा, नाहीतर झोपा. "काचेतला विस्तव म्हणजे पिंजऱ्यातला वाघ," ते म्हणाले. "तेवढा चालतो. पण पिंजऱ्याजवळ जायचं नाही."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्याइतकं शहाणं माणूस माळव्यात दुसरं नाही अशी माझी समजूत होती. म्हातारा चक्रम आहे, असं मी मनात नोंदवून टाकलं. दुसरी काडेपेटी माझ्या ट्रंकेत भूमितीच्या पुस्तकाखाली होती. विडी टेकडीवर जाऊन ओढायची, असं ठरवून मी सामान आणलं.

गाव त्यांना तात्या म्हणे, मीही म्हणू लागलो. पूर्वी ते एका सरदारांच्या मुदपाकखान्यात कोठीवर होते. रोजचं तूप, तांदूळ, मसाला आचाऱ्यांना काढून देणं हे त्यांचं काम. पुढं नोकरी सोडली. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी गोदू धारला दिलेली. उंच, वाळके, मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि खांद्यावर बारा महिने तेरा काळ एक ओला पंचा. थंडीतसुद्धा. कशाला म्हणून विचारलं तर म्हणत, "कधी कुठं काय पेटेल, सांगता येतं का?"

स्वयंपाकघरात चूल मात्र होती, आणि गावातल्या कुठल्याही चुलीपेक्षा देखणी होती. शेणानं सारवलेली, दर शुक्रवारी रांगोळीची बोटं ओढलेली. आत राखेचा कण नाही. जिथं लाकडं जळायची तिथं पाण्यानं भरलेला तांब्याचा गडू ठेवलेला असे. तो गडू रोज सकाळी ते स्वतः भरत.

आता विस्तवाशिवाय माणूस खातो काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. दुपारचं जेवण मी एका भटजींच्या घरी पैसे देऊन जेवत असे. पण सकाळ-संध्याकाळ तात्या मला खाऊ घालत, आणि खोटं कशाला बोलू, भटजींच्या घरच्या वरणभातापेक्षा मला तेच आवडे. दहीपोहे, केळ्याचं शिकरण, भिजवलेल्या मुगाची लिंबू पिळलेली कोशिंबीर, सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून, उन्हाळ्यात श्रीखंड. सातू भडभुंज्यानं भाजलेलाच असतो ना, असं मी एकदा त्यांना अडवलं. ते शांतपणे म्हणाले, "भाजलं त्यानं. त्याचा विस्तव त्याच्या घरी. मी फक्त कालवतो."

मी ब्राह्मण, ते मराठे. पहिल्या दिवशी मी ताटलीपुढं जरा घुटमळलो. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. म्हणाले, "मास्तर, अन्नाला जात चुलीवर लागते. चूल नाही तर जात नाही. खा बिनघोर." या शास्त्राला कुठल्या ग्रंथात आधार आहे हे मी शोधत बसलो नाही. भूक लागली होती.

"विस्तव हा आळशाचा स्वयंपाकी," हे त्यांचं आवडतं वाक्य. "पेटवला की माणूस मोकळा. करतो तो, नाव होतं यांचं. खरा हात बिनविस्तवाला लागतो." आणि स्वतःचे हात पुढं करून दाखवत. ते हात पाहण्यासारखे होते. दोन्ही तळव्यांची कातडी गुळगुळीत, चकचकीत, रेषा पार पुसलेल्या. एकदा एक ज्योतिषी दारात आला तर त्याच्यापुढं हात धरून म्हणाले, "पाटी कोरी आहे भिया. आप ही लिख दो कुछ." ज्योतिषी पळालाच. तळवे असे कशानं झाले, याची त्यांच्याकडं निरनिराळी उत्तरं होती. कधी तोफेची नळी पुसताना, कधी पाकाच्या कढईत सरदारांची अंगठी पडली ती काढताना. मी एकावरही विश्वास ठेवला नाही आणि खरं काय ते विचारलंही नाही.

पण त्या हातांचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांच्या चॉकलेटच्या वड्यांमुळं होता.

होय, चॉकलेटच्या. त्या काळात देवासात शंभर माणसांत पाच जणांनी ते नाव ऐकलं असेल आणि खाल्लं असेल एखाद्यानं. तात्या त्याला चाकलेट म्हणत. त्याची कथा अशी. सरदारांकडं एक गोरा पाहुणा शिकारीला आला आणि जाताना कोकोच्या पुडीचे तीन डबे विसरून गेला. मुख्य आचाऱ्यानं डबा उघडून पाहिला. काळपट तपकिरी पूड. त्यानं विचार केला, काळा मसाला सरकारांनी थेट विलायतेहून मागवलेला दिसतोय. त्या दिवशीच्या आमटीत त्यानं तो सढळ हातानं घातला आणि वरून कोथिंबीर पेरली.

"पंगत बसली," तात्या सांगत. "सरकारांनी पहिला भुरका मारला आणि थांबले. सगळी पंगत थांबली. आचारी खांबाआड. सरकार म्हणाले, आमटीला आज काय झालंय? सरकारांनी दुसरा भुरका मारला. मग म्हणाले, वाईट नाही, पण ही आमटी नव्हे. मग मी कोठीत जाऊन ती पूड चाखली. कडू, मास्तर. पण खानदानी कडू. मी तिथंच ओळखलं की या पुडीला साखर पाहिजे, लोणी पाहिजे, आणि विस्तव अजिबात नको."

तिन्ही डबे सरकारांनी त्यांना देऊन टाकले. ते संपल्यावर महूच्या छावणीतल्या एका पारशाच्या दुकानातून ते नवा डबा मागवत. आणि वडी अशी करत. समोरच्या हलवायाकडून ताजा खवा आणायचा. खवा हलवायानं आटवलेला, तेव्हा पुन्हा त्याचा विस्तव त्याच्या घरी. लोणी आणि पिठीसाखर पितळेच्या परातीत घालून परात माडीवरच्या उन्हात ठेवायची. माळव्याचं ऊन, घटकेत लोण्याचं पाणी. मी म्हटलं, "तात्या, हा विस्तवच झाला की!" तर म्हणाले, "सूर्याला मी बोलावलेलं नाही. तो आपणहून येतो आणि आपणहून जातो. त्याच्यावर डोळा ठेवावा लागत नाही."

वितळलेल्या लोण्यात कोकोची पूड घालून घोटायचं, ते इतकं की गुठळी औषधालासुद्धा राहू नये. मग खवा कुसकरून घालायचा, चारोळ्या घालायच्या, आणि अगदी शेवटी दोन मुठी राजगिऱ्याच्या लाह्या. लाह्या आधी घातल्या तर मऊ पडतात. "शेवटी आलेला पाहुणाच पंगतीत कुरकुर करतो," ते म्हणत. मग तूप लावलेल्या ताटात तो गोळा हातानं थापायचा. इथं त्या गार तळव्यांचं काम. माझ्या हाताला लोणी सुटे, त्यांच्या हाताला काही चिकटत नसे. "हात गार लागतो," ते म्हणत, "असा हात देवासात एकच." मग ते ताट पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या वाळूवर ठेवायचं आणि वरून ओलं फडकं. तासा-दोन तासांनी ते ताट उचलून गालाला लावत. गार झालंय का, हे ते नेहमी गालानं बघत, हातानं कधी नाही. झालं असलं की सुरीनं शंकरपाळ्यांसारखे काप.

मी त्या वड्या दोन वर्षं खाल्ल्या. आत लाह्यांचा कुरकुरीतपणा, बाहेर गार खवा, आणि जिभेवर रेंगाळणारा तो खानदानी कडूपणा. पुढं आयुष्यात मोठमोठ्या दुकानांतली चॉकलेटं खाल्ली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण मी त्यांच्यासाठी माडीवर उन्हात कधी उभा राहिलो नसतो.

दसऱ्यानंतर एक दिवस धारहून गोदूचं कार्ड आलं. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती आणि आता पहिल्यांदा तिला दिवस गेले होते. सातवा लागत होता. "डोहाळजेवण ठरलं आहे. मला फक्त तुमच्या वड्या खाव्याशा वाटतात. घेऊन या." तात्यांनी ते कार्ड मला तीनदा वाचायला लावलं. स्वतःला वाचता येत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं, म्हणाले.

शाळेला सुट्टी होती. वड्या घेऊन मीही निघालो. माठात ओली वाळू, वाळूत पितळी डबा, वर ओला पंचा, आणि तो माठ माझ्या मांडीवर. देवासहून इंदूर टांग्यानं, पुढं बेटमा, घाटाबिल्लोद करत बैलांच्या दमणीनं. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. तात्या दर कोसाला वाळूवर पाणी शिंपडत. टांगेवाल्याला राहवेना. "काय है भिया इसमें? गंगाजल?"

"उससे भी भारी," तात्या म्हणाले. "बेटी के डोहाळे हैं. घोडा संभालके."

धारला पोचलो तेव्हा एकही वडी वितळली नव्हती. तात्यांनी व्याह्यांच्या ओसरीवर डबा असा उघडला की बघणाऱ्याला वाटावं, आतून राज्य निघणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मुंज तळ्यावर आंघोळीला गेले. मी ओसरीवर एकटा होतो. गोदू पोह्यांची बशी घेऊन आली. तिचे डोळे अगदी बापाचे. "तुमचं कसं चालतं हो मास्तर, त्या गार घरात?" तिनं हसून विचारलं. मी म्हणालो की तुमच्या तात्यांनी विस्तवाशी असं वैर का धरलंय तेच मला समजत नाही. तिचं हसू गेलं. आत कुणी ऐकत नाही हे तिनं बघितलं आणि मला सांगितलं.

"मी सहा वर्षांची होते. दिवाळीचे अनारसे तळत होती आई. पदर पेटला. तात्यांनी नुसत्या हातांनी विझवायचा प्रयत्न केला. ते हात तुम्ही पाहिलेत ना? पाण्याची घागर चार पावलांवर होती, पण तेवढं सुचलं नाही त्यांना. आई तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून चुलीत पाण्याचा गडू."

मी पोहे हातात धरून बसलो. दोन वर्षं मी त्या माणसाला चक्रम समजत होतो आणि त्याच्या गंमती शाळेत रंगवून सांगत होतो. मला माझी लाज वाटली, आणि ती आजही पुरती गेलेली नाही.

"सासरी आले तेव्हा मला चूल फुंकतात कशी हेही ठाऊक नव्हतं," गोदू उठता उठता म्हणाली. "सासूबाईंनी हात धरून शिकवलं. जीव लावतात त्या. पण आज त्या तात्यांना काय सांगणार आहेत, ते मला माहीत आहे."

दुपारी डोहाळजेवण झालं. बायका गेल्या, आणि विहीणबाई माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. करारी बाई, पण आवाज मऊ होता.

"व्याही, राग मानू नका. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मला मान्य आहे. पण गोदूचे दिवस पौषात भरतात. बाजेखाली शेगडी कोण ठेवणार? न्हाणीला पाणी कशावर तापणार? शेक नसेल तर बाळंतीण आखडते, बाळ गारठतं. माझी जाऊ अशीच गेली. गार घरात मी पोरीला पाठवायची नाही. बाळंतपण इथंच होईल."

तात्या नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, "पाणी मी उन्हात तापवीन. तांब्याचे चार हंडे आहेत माझ्याकडं."

"पौषात?"

"पौषातही सूर्य उगवतो, विहीणबाई."

"उगवतो. शेकत नाही."

तात्या पंच्याचं टोक पिळू लागले. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. गोदू त्यांच्याजवळ येऊन बसली. तिच्या हातातल्या वाटीत शेवटची वडी होती, ती तिनं खाल्ली, बोट चाटलं, आणि म्हणाली, "तात्या, वड्या झकास झाल्यात. पण बाळाला वड्यांनी शेकता येत नाही."



"मला इथं काही कमी नाही," ती पुढं म्हणाली. "तरी मला तुमच्याकडं यायचंय. त्या घरातून आई गेली. आता त्या घरात कुणीतरी यायला नको का?"

परतीच्या वाटेवर माठ रिकामा होता तरी तात्या तो मांडीवर घेऊन बसले होते. घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडताना मी म्हटलं, "तात्या, मी आहे ना. शेगडी मी पेटवीन, मी लक्ष ठेवीन." त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

महिना गेला. मार्गशीर्ष लागला. चुलीतला गडू रोज भरला जात होता. मी समजलो की गोष्ट संपली.

एका रविवारी दुपारी मी वर वह्या तपासत होतो. खाली खुडबुड ऐकू येत होती. मग वास आला. गोवरीचा धूर. मी खिडकीतून वाकून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या कौलांतून पांढरा धूर निघत होता.

इथं आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. देवास हे एक गाव, पण राजे दोन, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. आमची गल्ली सरहद्दीवर. आमची बाजू थोरल्या पातीची, समोरची धाकट्या पातीची, आणि कशाच्याही बाबतीत दोन बाजूंचं एकमत म्हणून व्हायचं नाही. त्या दिवशी झालं. चौदा वर्षं ज्या घरातून धूर निघाला नव्हता तिथून धूर निघताना बघून दोन्ही पाती एकदम धावल्या. "आग! तात्या के घर आग!" कुणी घागर, कुणी बादली, कुणी नुसताच आरडाओरडा घेऊन. सगळ्यांत पुढं समोरचा हलवाई. त्याच्या हाताशी ताकाची कळशी होती, तो तीच घेऊन आत घुसला.

मी जिना उतरून पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. चुलीत ताक, चुलीवर ताक, भिंतीवर ताक. वरून तीन घागरी पाणी. मध्ये तात्या उभे, मिशांतून ताक गळतंय, हातातली नवी कोरी काडेपेटी भिजून लगदा झालेली. गडू बाजूला काढून ठेवलेला होता.

"अरे भिया," हलवाई धापा टाकत म्हणाला, "चौदा बरस में पहली बार धुआं देखा. हम तो समझे, घर गया!"

"आग नी थी," तात्या म्हणाले. "चूल थी."

मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळी गल्ली हसायला लागली, दोन्ही पाती मिळून. मला हसू येईना. या माणसानं एक महिना मनाशी झगडून, माझ्यावरसुद्धा न सोपवता, एकट्यानं ती चूल पेटवली होती आणि आम्ही ती त्याच्यादेखत विझवली होती. आता हा पुन्हा काडी हातात धरत नाही, असं मला वाटलं. गोदूचं माहेर त्या ताकात गेलं.

तात्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमच्या ट्रंकेत भूमितीच्या पुस्तकाखाली एक काडेपेटी आहे. तेवढी आणा."

दोन वर्षं त्यांना माहीत होतं. मी मान खाली घालून वर गेलो आणि ती घेऊन आलो. हलवायानं चुलीतलं ताक निपटून काढलं आणि स्वतःच्या भट्टीवरची कोरडी लाकडं, काटक्या आणि कापूर आणून दिला. मी म्हणालो, "द्या तात्या, मी पेटवतो."

"नको," ते म्हणाले. "बाप मी आहे."

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि विझली. तिसरी त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली. गल्लीतली पंधरा-वीस माणसं दारातून वाकून बघत होती. कापूर पेटला, काटक्या पेटल्या, आणि चूल लागली. तात्या उठले नाहीत. भरलेली घागर उजव्या हाताशी घेऊन संध्याकाळपर्यंत तिथंच बसले, चुलीवर काही न ठेवता. सूर्यास्ताला मला म्हणाले, "धारला कार्ड टाका. लिहा, पाणी तापतंय."

विहीणबाई स्वतः गोदूला घेऊन आल्या. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेल्या, चुलीतली राख बोटानं बघितली, ऊन ऊन लागली तशी समाधानानं परत फिरल्या आणि दोन दिवस राहून धारला गेल्या. पौषातल्या एका पहाटे गोदूला मुलगी झाली. माळव्याची थंडी त्या वर्षी अशी होती की रांजणातल्या पाण्यावर सकाळी बर्फाची पातळ काच धरे. बाजेखाली शेगडी होती, ओवा-शेपांचा धूर होता, न्हाणीला कढत पाणी होतं. सगळा विस्तव तात्या स्वतः घालत, आणि खोलीच्या दाराबाहेर दोन भरलेल्या घागरी ठेवून बसून राहत. शाळेतून येऊन मी त्यांना उठवीत असे, तेवढ्यापुरतेच ते उठत.

बारशाच्या दिवशी त्यांनी वड्या केल्या. उन्हात परात ठेवून, ताटात थापून, वाळूवर गार करून, पहिल्यासारख्याच. ताट नेऊन गोदूच्या खोलीतल्या फडताळात ठेवलं आणि बोलावणी करायला निघून गेले. परत येऊन पाहतात तर शेगडीच्या उबेनं वड्यांचं तळं झालेलं. गोदू बाजेवर बसून ते बोटानं चाटत होती आणि हसत होती.

मला वाटलं, आता तात्या खट्टू होणार. त्यांनी एक बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वितळलेलीच खरी लागते. मी पहिल्यापासून सांगत होतो."

त्यांनी तसं एकदाही सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांचं खोडून काढायचं माझ्या मनात आलं नाही.

मग त्यांनी नातीला घ्यायला हात पुढं केले. बारा दिवसांत त्यांनी तिला लांबूनच पाहिलं होतं. तळवे लागताच पोरीनं असा टाहो फोडला की ते दचकून मागं सरले.

"तात्या, हात केवढे गार तुमचे," गोदू म्हणाली. "आधी शेकून घ्या."

असा हात देवासात एकच, असं म्हणणारे तात्या आपल्या हातांकडं बघत राहिले. मग खांद्यावरचा ओला पंचा त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. बाजेजवळ उकिडवे बसले. शेगडी ओढून पुढं घेतली, आणि दोन्ही तळवे निखाऱ्यांवर धरले. निखारा तडतडला तरी त्यांनी ते मागं घेतले नाहीत.

बराच वेळ गेला. मग मान वर न करता ते म्हणाले, "झाले का हो? या हातांना गार-ऊन काही कळत नाही, मास्तर. तुम्ही बघा."

मी पंचा खाली ठेवला आणि त्यांच्या तळव्यांवर माझे हात ठेवले. ते गरम होते.

"झाले, तात्या," मी म्हणालो. त्यांनी नात उचलून घेतली, आणि या वेळी ती रडली नाही.